एक घर

मी तिला चुकीचं शिकवलं, हे आधीच सांगून टाकतो.
नंदुरबारच्या आमच्या मिरची पथारीवर
प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर चालायचं.
दोन घरं कशाला?
कुणी मागे लागलंय?

गोणपाटावर खडूने आखलेला पट.
एक घर नेमकं शिवणीवर यायचं,
तिथला उंट कायम कलंडलेला.
काळा हत्ती कधीच हरवला होता,
त्याच्या जागी पन्नास ग्रॅमचं वजन.
मी तोलणार. वजनांना तोटा नव्हता.

हेतल सात वर्षांची. भावसारांची.
बाप मिरची कांडपावर, आई देठ खुडायला.
दिवाळी सरली की शहरभर लाल खकाणा,
बँकेतला साहेबसुद्धा रुमाल लावून नोटा मोजतो.
पण ही पटावर वाकली की
हिला शिंक यायची नाही.
डाव संपला की मग सलग सात.
मी मोजल्या आहेत.

नवव्या वर्षी म्हणाली,
"दगा अप्पा, तुम्ही तीन चालींपूर्वीच मेलात.
मी बोलले नाही."

(माझ्या आधीची चार भावंडं पाळण्यातच गेली,
म्हणून आईने मला असलं नाव दिलं.
सटवी फसली. ही नाही फसली.)

मग नाशिकचे सर आले. त्यांच्यासोबत घड्याळ आलं,
लाकडी सोंगट्या आल्या, त्यांच्या पायाला मखमल.
सुट्टीत भेटायला आली,
चपलेच्या अंगठ्याशी खेळत म्हणाली,
"तुमचं प्यादं डोक्यातून काढायला
दीड महिना लागला, अप्पा."
मी म्हणालो, बरं झालं.
त्या दिवशी एका पोत्याचं वजन मी चुकवलं.
तीस वर्षांत पहिल्यांदा.
व्यापारी हसला, मीही हसलो,
पोतं पुन्हा काट्यावर चढवलं.

जिल्हा झाला. राज्य झालं.
पेपरात फोटो आला, खाली नाव हेमल.
तिच्या आईने तिथे काजळाने 'त' केला
आणि कागद पिठाच्या डब्याआड ठेवला.

आणि मग कटक.
राष्ट्रीय स्पर्धा, अकरावी फेरी,
अर्ध्या गुणाने समोरची पुढे.
युनूस मुकादमाचा फोन मिरचीच्या ढिगावर टेकवलेला,
भोवती खुडणाऱ्या बाया, बोटांची आग आग होत असलेल्या.
"पोर जितनी का, अप्पा?"
"नाही अजून."
"मंग काय करी ऱ्हायनी?"
"बसलीय."

हत्ती गेले होते, वजीर गेले होते.
उरले दोन राजे, समोरासमोर,
बांधावर भेटलेल्या भाऊबंदांसारखे,
जो आधी बाजूला होईल त्याचं शेत गेलं.
प्यादी एकमेकांना अडून उभी.
फक्त कडेचं तिचं एक प्यादं
अजून जन्मघरीच होतं.
समोरचीकडेही एक चाल शिल्लक होती. एकच.

मी बोटांवर हिशोब केला.
ही दोन घरं चालली, तर ती तिची एक चालेल
आणि मग हिलाच राजा हलवावा लागेल.
नाशिकला शिकवलेली ती दोन घरं.
घड्याळात चार मिनिटं.
तीन.
युनूस म्हणाला, नेट अडकलं.
अडकलं नव्हतं.

मग ते प्यादं चाललं.

एक घर.

समोरचीने तिची शिल्लक चाल खर्च केली.
आमचं प्यादं पुन्हा चाललं.
एक घर.
आता समोर राजाशिवाय हलवायला काही नव्हतं,
आणि तो हलला.

बायांना मी काय सांगणार.
हात वर केला, त्यांना कळलं.
कुणीतरी ओंजळभर मिरच्या उधळल्या
आणि सगळी पथारी शिंकत सुटली,
हसणारी, रडणारी, ओळखू येईना.

रात्री तिचा फोन आला.
"पाहिलं?"
"पाहिलं."
"सर म्हणतात, हे पुस्तकात आहे."
"असेल की."
ती काही बोलली नाही. मीही नाही.
मग तिकडून शिंक आली.
कटकमध्ये कुठली आलीय मिरची,
हॉटेलातला गारवा बाधला असेल.
दोन. तीन.
मी काट्याजवळ उभा, फोन कानाला, मोजत होतो.
सहावर रेंज गेली.